उभ्या गाडीचं दुखणं

दसरा झाला की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे एकाच जातीच्या तक्रारी येतात. खंडेनवमीला जिन्याखालची जुनी गाडी बाहेर निघते, धुतली जाते, झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो आणि मग घरातला एखादा उत्साही किक मारायला उभा राहतो. गाडी पाच-दहा वर्षं जागची हललेली नाही, पण अपेक्षा अशी की माळ सुकायच्या आत तिनं डेक्कनपर्यंत फेरी मारून आणावी. ती ढिम्म. मग शेजारचे काका गॅलरीतूनच निदान करतात, "कार्बोरेटर गेला."

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मापात मिसळून इंजिनाला देणारा भाग. तो सहसा जात नाही. त्यात हलणारे भाग चार आणि झिजणारे त्याहून कमी. तो तुंबतो, आणि तुंबवणारा माल बहुतेक वेळा वरून, टाकीतून आलेला असतो. यंदाच्या प्रश्नांतले काही इथे घेतलेत.

प्रश्न : वडिलांची येझदी रोडकिंग सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात ११ वर्षं उभी आहे. वाडा पाडायला निघाल्यामुळे गाडी बाहेर काढली. टाकीत थोडं पेट्रोल आहे. मेकॅनिक म्हणतो, नवा कार्बोरेटर टाकू. खरंच लागेल का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : मेकॅनिकनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, नसावा घेतला.

आधी एक विनंती. किक मारू नका, आणि मारून झाली असेल तर आता थांबा. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, म्हणजे तुमची गाडी कितीही उशिराची धरली तरी तिशीच्या घरात आहे, आणि त्यातली ११ वर्षं पिस्टन एकाच जागी बसून आहे. रिंगा सिलिंडरला धरल्या असतील तर जोरात मारलेली किक त्या तोडेल. प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग न लावताच गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळू फिरवून पाहा. फिरलं तर पुढे जाऊ. नाही फिरलं तर पुन्हा ऑइल आणि पुन्हा एक रात्र. हातोडा मात्र घरातच राहू द्या.

आता पेट्रोल ज्या वाटेनं उतरतं त्याच वाटेनं आपण उतरायचं. टाकी, कॉक (पेट्रोलची तोटी), पाइप आणि सगळ्यात शेवटी कार्ब, म्हणजे कार्बोरेटर. बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात, कार्ब लखलखीत करून बसवतात, वरून टाकीतला गंज पुन्हा त्यात उतरतो आणि आठवड्यात गाडी होती तिथेच.

टाकी : ताज्या पेट्रोलचा वास नाकात झोंबतो. शिळ्याला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो आणि रंग कोऱ्या चहावर जातो. पेट्रोलमधला चटकन पेटणारा हलका भाग आधी उडून जातो, उरलेला हवेशी मिळून चिकट होतो. तुमच्या गाडीत वर ऑइल मिसळलेलं. पेट्रोल उडालं, ऑइल कुठे उडणार? कार्बच्या खालच्या वाटीत पेट्रोल साठतं, तिच्या तळाला काकवीसारखा तपकिरी थर सापडला तर दचकू नका. हे जुनं पेट्रोल डब्यात काढून ठेवा. गटारात तर मुळीच ओतू नका, पेठेतली गटारं कुठून कुठे जातात ते कुणालाच ठाऊक नसतं. गंजलेले नटबोल्ट भिजवायला ते कामी येतं.

मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहा (दिवा नको, काडेपेटी तर नकोच). तळ नुसता तांबूस दिसत असेल तर कॉक काढून भोक बंद करा, टाकी पांढऱ्या व्हिनेगरनं काठोकाठ भरा, दोन दिवस ठेवा. पापुद्रे सुटलेले असतील तर मूठभर नट आत टाकून टाकी सगळ्या बाजूंनी हलवा. नट मोजून टाका आणि मोजून काढा. मग भरपूर पाणी, त्यामागून खायच्या सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी, आणि लगेच कडक उन्हात. वाळल्याबरोबर थोडं पेट्रोल-ऑइल आत फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा गंज हजर. संडास धुवायचं अॅसिड वापरा असा सल्ला कुणीतरी देईलच. मी उमेदवारीच्या काळात तो प्रयोग एका गिऱ्हाइकाच्या टाकीवर केला होता. गंज गेला. त्याबरोबर तळाचा पत्राही तीन ठिकाणी गेला. टाकी माझ्या पगारातून भरून दिली.

कॉक : आतली जाळी साफ करा, पॅकिंग सुकलं असेल तर बदला. मग थोडं ताजं पेट्रोल टाकून पाइप बाटलीत सोडा. काडेपेटीच्या काडीएवढी सलग धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर कार्बला हात लावायची वेळ अजून आलेली नाही.

कार्ब : जुन्या येझदींवर जिकोव्ह कंपनीचा कार्ब असायचा, नंतरच्यांवर मिकार्ब. खोलण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढा. स्क्रू पितळेचे आणि मऊ असतात, त्यांच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हरच वापरा. ढिला वापराल तर खाच जाईल आणि मग ड्रिल करायची पाळी येईल. वाटी, फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा गोळा), फ्लोटची पिन, मेन जेट, पायलट जेट (जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी स्क्रू) आणि स्लाइडसकट नीडल (मुठीबरोबर वर-खाली होणारा दट्ट्या आणि त्याची सुई) एवढे भाग सुटे करून एका ताटात मांडा. नीडलची क्लिप कोणत्या खाचेत होती ते लिहून ठेवा, हे सगळेच विसरतात. रबरी भाग आणि प्लास्टिकचा फ्लोट बाजूला ठेवून बाकीच्यावर कार्ब क्लीनर मारा, अर्धा तास मुरू द्या, आणि मग बॉडी घेऊन सरळ पंक्चरवाल्याकडे जा. त्याच्या कॉम्प्रेसरसारखं या कामाला दुसरं अवजार नाही. प्रत्येक भोकातून हवा मारायची, आणि ती दुसऱ्या टोकाला कुठून निघते ते बोटानं चाचपायचं. जिथून निघत नाही तिथे दुखणं.

आत पांढरी भुकटी दिसली तर ती पाण्यानं खाल्लेली धातू आहे. पितळी ब्रशनं हलकेच निघते. खाली खड्डे पडलेले असले आणि ते पिनच्या बैठकीत असले तरच नव्या कार्बचा विचार. एरवी नाना पेठेतून पॅकिंग, पिन आणि ओ-रिंगचं किट आणलं की भागतं. जाताना जुने भाग पुडीत बांधून न्या. काउंटरवर "रोडकिंगचं द्या" म्हणाल तर तो तीन प्रकार समोर ठेवेल आणि तिन्ही येझदीचेच असतील.

प्रश्न : निगडीहून लिहिते आहे. बाबांची यामाहा आरएक्स १०० सहा वर्षांनी चालू केली. चोक ओढला की चालते, सोडला की बंद. रेस देत राहिले तर चालते, पण सिग्नलला थांबले की गेली. कार्ब दोनदा साफ करून झाला. आता काय?

उत्तर : दोनदा साफ झाला तो बाहेरून, किंवा स्प्रे मारून. लक्षणं इतकी चोख लिहिली आहेत की निदान तुम्हीच केल्यात जमा.

कार्बला एक यंत्र समजू नका. एका घरात तीन बिऱ्हाडं आहेत. गाडी स्लोवर (मूठ न फिरवता नुसती चालू) असताना पेट्रोल पायलट जेटमधून येतं. मूठ अर्धी फिरवली की स्लाइड आणि नीडलचा अंमल सुरू होतो. पूर्ण फिरवली की मेन जेट. चोक हा वरून घातलेला जादा घास. तुमची मधली आणि वरची बिऱ्हाडं ठीक आहेत, खालचं उपाशी आहे, आणि चोक त्याला जेवू घालतो. म्हणजे एक तर पायलट जेटमधून पेट्रोल कमी येतंय, नाहीतर कुठूनतरी जादा हवा शिरतेय.

पायलट जेट कार्बच्या पोटात एका खोल विहिरीत बसतो. भोक किती बारीक म्हणाल, तर केहिन कंपनीच्या जेटवर ३५ आकडा असला तर ते भोक ०.३५ मिलिमीटरचं. तुमचा कार्ब मिकुनी जातीचा, पण भोकं त्याच मापाच्या आसपासची. वाळलेल्या पेट्रोलचा एक पापुद्रा तिथे पुरतो. स्प्रे वरून मारला की तो कडेनं वाहून जातो, आत शिरत नाही. जेट बाहेर काढावाच लागतो. लांब आणि बारीक पात्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या, जेट उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर तो तुंबलेला आहे. साफ करायला विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार घ्या. शिवणाची सुई किंवा गिटारची स्टीलची तार नको, पितळ कापलं जातं, भोक मोठं होतं, आणि मग गाडी जन्मभर जादा पेट्रोल पिते.

जेट काढलेला असतानाच एअर स्क्रूही काढा आणि त्या दोन्ही भोकांतून हवा मारा. स्लाइडच्या अगदी पुढे, इंजिनाच्या बाजूला, कार्बच्या घशात टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे. हवा तिथून फुर्रकन निघाली पाहिजे. तुमचं दोनदाचं साफ करणं बहुधा याच भोकापाशी अडलंय.

बसवताना एअर स्क्रू हलक्या हातानं शेवटपर्यंत आत घ्या, मग दीड फेरा बाहेर. गाडी चांगली तापली की थोडा इकडे-तिकडे करून ज्या जागी स्लो सगळ्यात वर जातो तिथे सोडा. इथे एक गोंधळ नेहमी होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, म्हणजे आत घेतला की पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल-मिश्रण सोडतो आणि हिशेब उलटा. आरएक्सवर पहिला प्रकार आहे.

एवढं करूनही तसंच राहिलं तर हवा. कार्ब आणि इंजिन यांच्यामधलं रबर हातानं वाकवून पाहा, सहा वर्षांत त्याला भेगा पडतातच. गाडी चालू ठेवून सांध्यांवर थोडं डब्ल्यूडी-४० मारा. रेस बदलली तर गाडी तिथून एअर ओढतेय. हाच प्रयोग काही जण पेट्रोल शिंपडून करतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल, आणि शेजारी प्लगची वायर! आगीला आमंत्रणच आहे ते.

रबर ठीक असेल आणि तरीही मूठ सोडल्यावर रेस खाली यायला वेळ लावत असेल, तर क्रँकचं (इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं) मॅग्नेटकडचं ऑइल सील कडक झालंय. क्लचकडचं गेलं असेल तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी खाली जाते. सील बदलायला इंजिन खोलावं लागतं, ते जाणत्याकडे द्या. पण कार्बवाल्यानं "पुन्हा साफ करतो" म्हणून तिसऱ्यांदा पैसे मागितले तर हा परिच्छेद दाखवा.

आणि एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. आरएक्सला ऑइलची टाकी वेगळी आणि पंप वेगळा. सहा वर्षांत पंपाच्या नळीत हवा शिरलेली असू शकते. नळीत बुडबुडे दिसतात का ते पाहा. पंपातली हवा काढून घेईपर्यंत पेट्रोलमध्येही लिटरला २५ मिली टू-टी ऑइल मिसळा. थोडा धूर होईल, होऊ द्या. कार्ब बिघडला तर गाडी रस्त्यात थांबते. ऑइल पोचलं नाही तर पिस्टन सिलिंडरला चिकटतो, आणि १९९६ नंतर ही गाडी बनलेलीच नाही हे लक्षात असू द्या.

प्रश्न : वारज्याला राहतो. ३५० ची जुनी बुलेट चार वर्षांनी चालू केली, छान चालते. पण रात्रभर उभी राहिली की कार्बच्या खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली आहे.

उत्तर : सेक्रेटरींचं बरोबर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, पार्किंगच्या फरशीवरून सरपटत जाते. तळमजल्यावर कुणाचा गॅस गीझर पेटला, किंवा वॉचमननं विडी शिलगावली, की झालं. दुरुस्ती होईपर्यंत उभी करताना कॉक बंद. खरं तर दुरुस्तीनंतरही.

फ्लोट म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला गोळा. पेट्रोल वर आलं की तो पिन दाबून धरतो आणि आवक बंद होते. पिनच्या टोकाला कचऱ्याचा एक कण चिकटला की ती पूर्ण बसत नाही. आधी सोपा इलाज : कॉक उघडा ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वाटीवर हलक्या टिचक्या मारा. कधी कधी कण सुटतो आणि ठिबकणं थांबतं. नाही थांबलं तर वाटी उघडून पिन पाहा. टोकाला गोल कंगोरा पडलेला दिसला तर नवीन. बैठक कापसाच्या काडीनं पुसा, पॉलिश पेपर लावू नका.

फ्लोटही तपासा. कानाशी धरून हलवा, आत डुचमळ ऐकू आली तर तो भोक पडून बुडतोय. पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडा जिथून येतो तिथे भोक. आतलं पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय डाग द्यायला नेऊ नका.

मला काळजी दुसरीच आहे. सगळंच पेट्रोल नळीतून बाहेर येतं असं नाही. काही इंजिनात उतरतं आणि रिंगांच्या कडेनं थेट ऑइलमध्ये जातं. आज चालू करण्याआधी ऑइल तपासा. वास घ्या, दोन बोटांत चोळून पाहा. पातळी आपोआप वाढली असेल किंवा ऑइल पाण्यासारखं पातळ लागत असेल तर ते टाकून द्या, मगच किक.

प्रश्न : कर्वेनगरहून डेक्कनला कॉलेजला जातो. आजोबांची स्प्लेंडर आहे, तीन वर्षं बंद होती. दोन-तीन किलोमीटर मस्त जाते, मग झटके देत बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. नळस्टॉपच्या चौकात रोज शोभा होते.

उत्तर : पुढच्या वेळी बंद पडली की ढकलत कडेला घे आणि टाकीचं झाकण उघड. फुस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा आत यायला हवी. ती येत नाही म्हणून धार आटते. भोकात माती, मेण, कधी आजोबांनी प्रेमानं लावलेलं पॉलिशही असतं. टाचणीनं मोकळं कर.

आवाज नाही आला तर कॉकची जाळी आणि पाइपमधला फिल्टर. तेही ठीक असतील तर कार्ब सोडून दे. बंद पडल्या पडल्या, इंजिन गार व्हायच्या आत, प्लग काढून इंजिनाला टेकव आणि ठिणगी पाहा. ठिणगीच नसेल तर कॉइल तापून दगा देतेय. कॉइलही पाच मिनिटांत गार होते आणि गाडी चालू होते, त्यामुळे दोन्ही दुखणी जुळ्या भावंडांसारखी दिसतात. पाहणी बंद पडल्या क्षणीच करायची, घरी येऊन नाही.

प्रश्न : हे सगळं इथेनॉलमुळे होतंय ना? पूर्वी वर्षभर उभी ठेवलेली गाडी दोन किकमध्ये चालू व्हायची.

उत्तर : थोडं त्यामुळे, थोडं तुमच्या आठवणींमुळे. पूर्वीही वाट्या काकवीनं भरायच्या.

पण इथेनॉलचा वाटा आहेच. २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे तेच झालं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर पुण्यातल्या बंद पार्किंगमध्ये चपला बुरसतात, तिथे टाकीचं काय होत असेल? पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी बसतं. कॉक तळाशी, म्हणजे कार्बला पहिला घोट त्याचाच. तपासायचं असेल तर वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं काढा आणि दहा मिनिटं न हलवता ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा.

दुसरं म्हणजे रबर. जुन्या गाड्यांचे पाइप, ओ-रिंग, पिनचं रबरी टोक इथेनॉलचा विचार करून बनलेलं नाही. काही फुगतात, काही चिरतात. बदलताना नवीन पेट्रोलला चालणारे मागा. शिवाय इथेनॉल जुना साचलेला थर सोडवतं, त्यामुळे जुन्या टाकीत नवं पेट्रोल घातलं की पहिले दोन-तीन आठवडे फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबतो. तेवढा काळ पारदर्शक फिल्टर लावा.

तिसरं जरा बारीक आहे. एक किलो साधं पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. २० टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्बला हे कळत नाही, तो जुन्याच मापानं पेट्रोल वाढतो, म्हणजे इंजिनाला मिश्रण थोडं कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिळतं. प्लगचं टोक पांढरं पडत असेल आणि अर्ध्या मुठीवर गाडी अडखळत असेल तर नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या, नीडल तेवढी वर उचलली जाते. टोक विटकरी-तपकिरी असेल तर कशालाही हात लावू नका.

प्रश्न : नवा, बिनब्रँडचा कार्ब किटच्या दुप्पट पैशात मिळतोय. साफसफाईची कटकट कशाला?

उत्तर : त्यातल्या जेटवरचा आकडा आणि भोक यांची गाठ पडेलच असं नाही, म्हणून. जुन्या कार्बची स्लाइड बोटानं पुढे-मागे हलवून पाहा. खडखड वाजण्याइतकी ढिली असेल, किंवा नवं रबर टाकूनही स्लो स्थिर राहत नसेल, तर बदला. एरवी जुनाच बरा.

प्रश्न : १९९९ ची चार स्ट्रोक गाडी आहे. पीयूसीवाल्यानं कार्बन मोनॉक्साइड ६ टक्के दाखवून परत पाठवलं. म्हणाला, कार्बचं काम करून या. याचा कार्बशी काय संबंध?

उत्तर : फार जवळचा. तो कागद फेकू नका, ट्यूनिंगचं इतकं स्वस्त माप दुसरं नाही. तपासणी स्लोवर होते, म्हणजे तो आकडा पायलट जेट आणि एअर स्क्रूचा निकाल आहे. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला मर्यादा ४.५ टक्के. तुमचे ६ म्हणजे स्लोवर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहा, काळा आणि तेलकट असेल. मग चोक पूर्ण खाली बसतो का, आणि फ्लोटची पातळी वर तर नाही ना. हे झाल्यावर स्क्रू. आणि सेंटरवर घराजवळून थेट जाऊ नका, पंधरा-वीस मिनिटं फिरवून गरम गाडी न्या.

सिंहगडावर चढताना गाडी जड होते आणि काळा धूर सोडते, असं आणखी दोघांनी लिहिलंय. "वर हवा विरळ असते म्हणून का?" पुणे साधारण ५६० मीटरवर, गड १,३०० च्या आसपास. हवा सात-आठ टक्के विरळ होते, तेवढ्यानं काळा धूर येत नाही. हे वरच्या उत्तरातलंच दुखणं आहे, घाटात फक्त उघडं पडतं. फिल्टर बदला.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करतो, कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवते आहे. जुनी मोटरसायकल बाणेरच्या पार्किंगमध्ये राहील. वॉचमन दर रविवारी चालू करेल म्हणतो.

उत्तर : वॉचमनचे आभार माना आणि किल्ली देऊ नका. दोन मिनिटं चालवून बंद केलेली गाडी तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी मात्र साचतं, आणि वाटीत दर रविवारी नवं पेट्रोल शिळं व्हायला बसतं.

तीन-चार महिन्यांचा प्रश्न असता तर टाकी काठोकाठ भरून ठेवा म्हटलं असतं. दोन वर्षांसाठी रिकामीच. सगळं पेट्रोल काढा, टाकी वाळवा, आत वाटीभर इंजिन ऑइल फिरवून जादा ओतून टाका. कार्बची वाटी ड्रेन स्क्रूनं रिकामी करा. नुसता कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली तर तळाशी थोडं उरतंच, आणि पायलट जेटची विहीर त्याच तळाशी. इंजिन ऑइल बदलून ठेवा. प्लगच्या भोकातून दोन चमचे ऑइल, मागचं चाक दोन-चार वेळा फिरवून प्लग परत. बॅटरी काढून कुणा नातेवाइकाकडे. गाडी मधल्या स्टँडवर.

आता पुण्याच्या पार्किंगचे दोन खास रहिवासी. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. आणि कुंभारीण माशी कार्बच्या हवेच्या नळ्यांत चिखल भरते. एक नळी बुजली की वाटीत पेट्रोल नीट उतरत नाही, आणि माणूस महिनाभर जेट साफ करत बसतो. नळ्यांच्या टोकांना आणि फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, सायलेन्सरच्या तोंडात ऑइलचं कापड कोंबा. वर प्लास्टिक नको, जुनी सुती चादर टाका.

मग पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन त्यावर जाड अक्षरात लिहा : "टाकीत पेट्रोल नाही. नळ्यांना जाळी आहे. सायलेन्सरमध्ये कापड आहे." आणि तो हँडलला बांधा. एका गृहस्थांना मी चिठ्ठीशिवाय गाडी बांधून दिली होती. परत आल्यावर त्यांनी पाऊण तास किक मारली, नवा प्लग आणला, कार्ब खोलला, आणि शेवटी टेम्पोत घालून गाडी माझ्याकडे आणली. मी सायलेन्सरमधून माझंच कापड बाहेर काढलं. टेम्पोचं भाडं त्यांनी माझ्याकडूनच वसूल केलं.